मिठीच्या काठाने : पाणी कुणाच्या घरात शिरते?

मुंबईला नदी आहे, ही गोष्ट मुंबईत जन्म काढलेल्या कित्येकांना २००५ सालापर्यंत ठाऊक नव्हती. शाळेत आपण गोदावरी, कृष्णा, भीमा पाठ केल्या, पण घरापासून हाकेच्या अंतरावर वाहणाऱ्या मिठीला सारे जण नाला म्हणत. विहार आणि पवई या दोन तलावांतून ओसंडलेले पाणी घेऊन ही नदी निघते. पवई, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी असे करीत माहीमच्या खाडीत ती समुद्राला मिळते. लांबी सुमारे अठरा किलोमीटर. महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्यांपुढे ती एखाद्या ओढ्याएवढीच. पण या अठरा किलोमीटरमध्ये आपल्या महानगराचा सगळा न्याय-अन्याय दोन्ही काठांवर मांडून ठेवलेला आहे. तो पाहावयाचा असेल तर पायी चालावे लागते.

मी एका कार्यालयात कारकून आहे. बी. कॉम. झालो, आकडे जुळवण्यात हयात चालली. रविवारी मात्र वस्त्यांमध्ये लोकांचे अर्ज लिहून देणे, शिधापत्रिकेची, मतदार यादीची, शाळेच्या दाखल्यांची कामे करून देणे, हे व्रत अनेक वर्षे चालू आहे. पूर येऊन गेला की पंचनाम्याचे कागद भरावयास आम्हा कार्यकर्त्यांना बोलावणे येतेच. दरवर्षी आपण पुरानंतर जातो, एकदा पुराआधी ही नदी उगमापासून मुखापर्यंत पाहू, असे ठरवून २०२५ च्या मे महिन्यातील पहिल्या दोन रविवारी मी व आमच्या मंडळाचे दोन तरुण कार्यकर्ते पवईपासून माहीमपर्यंत चालत गेलो. काठाने सलग वाट नाही. कुठे भिंत, कुठे कुंपण, कुठे पहारेकरी. गल्ल्यांतून, पुलांवरून, वस्त्यांच्या मागच्या बाजूने जावे लागते. त्या दोन दिवसांत जे दिसले आणि नंतरच्या पावसाळ्यात जे घडले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

उगमाजवळ

विहार तलाव १८६० साली मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून बांधला गेला. पवईचा तलाव १८९१ चा. विहारच्या काठावर सर्वसामान्यांस जाण्यास बंदी आहे, म्हणून आम्ही फिल्टरपाड्यापासून सुरुवात केली. मे महिन्यात येथे नदी म्हणून जे वाहते ते बहुतांशी सांडपाणीच. पात्राच्या कोरड्या भागात मुले क्रिकेट खेळत होती. काठाला लागून घरे आहेत, इतकी लागून की मागचे दार उघडले की पाय पात्रात.

एका मावशींनी आम्हाला पाणी दिले. पावसाळ्यात कसे करता, असे विचारले तर म्हणाल्या, “भाऊ, पाऊस लागला की आधी नदी बघायची, मगच चुलीवर भात टाकायचा.” त्यांच्या नळाला पाणी किती वेळ येते, असेही विचारले. पहाटे, थोडाच वेळ, असे त्या म्हणाल्या.

येथे थोडा विचार करावा. शहराला पाणी देणाऱ्या तलावाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला नळाचे पाणी पुरेसे नाही. पण तोच तलाव भरून वाहू लागला की ते जादा पाणी सर्वांत आधी त्याच्याच दारात येते. पाण्याचा लाभ एकाला आणि पाण्याचा धोका दुसऱ्याला, ही वाटणी नदीच्या पहिल्याच किलोमीटरला सुरू होते.

साकीनाका ते विमानतळ

मरोळ ओलांडून साकीनाक्याकडे आलो की नदीचा रंग बदलतो. काठावर तेलाची पिंपे धुण्याचे धंदे, भंगाराची गोदामे, लहान कारखाने आणि गुरांचे तबेले आहेत. पाण्यावर तेलाचा तवंग, काठाला प्लास्टिकचे थर. हे धंदे नदी घाण करतात, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. मात्र ती पिंपे ज्या कारखान्यांतून येतात, ते भंगार ज्या घरांतून आणि कचेऱ्यांतून येते, ते नदीकाठचे नव्हेत. शहराची घाण निस्तरण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्याच माथी घाण केल्याचा ठपका येतो. आपल्या समाजाला ही रीत नवी नाही.

याच साकीनाक्याला २६ जुलै २००५ रोजी डोंगराचा भाग खाली आला आणि पायथ्याच्या वस्तीतील सत्तरहून अधिक माणसे गाडली गेली. मुंबईत गरिबाला जागा मिळते ती दोनच ठिकाणी. डोंगराच्या उतारावर किंवा नाल्याच्या काठावर. एका ठिकाणी माती अंगावर येते, दुसऱ्या ठिकाणी पाणी. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. त्यांनी ही जागा हौसेने निवडली, असे कोणी म्हणणार असेल तर त्याने एक पावसाळा तेथे काढून पाहावा.

पुढे विमानतळ लागतो. विमानतळाचा काही भाग नदीवरच उभा आहे आणि येथे नदीला काटकोनात वळणे घ्यावी लागतात. पाण्याचा स्वभाव सरळ वाहण्याचा. जोरात येणारे पाणी काटकोनात वळवले की ते तुंबते आणि मागे फुगते. मागे काय आहे? जरीमरी, बैलबाजार, संदेशनगर, क्रांतीनगर. वस्त्यांची नावे वाचली तरी लक्षात येते की येथे कोणती माणसे राहत असतील.

क्रांतीनगरात

कुर्ला पश्चिमेच्या क्रांतीनगरात आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. दर पावसाळ्यात मिठी धोक्याची पातळी गाठते तेव्हा वर्तमानपत्रात हे नाव येते. २०१९ च्या जुलैत आले, तसेच २०२५ च्या ऑगस्टमध्येही आले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठीची पातळी ३.९ मीटरपर्यंत चढली आणि येथील सुमारे ३५० लोकांना जवळच्या पालिका शाळेत हलवावे लागले. रहिवाशांना त्याची सवय झालेली आहे. सवय हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण या शब्दाकडे पुढे परत यावयाचे आहे.

येथे घरात शिरलो की काही गोष्टी ताबडतोब डोळ्यांत भरतात. विजेचे बोर्ड छातीच्या वर बसवलेले. पलंगाच्या पायांखाली विटांचे थर. गॅसची शेगडी उंच ओट्यावर. प्रत्येक घराला पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर धान्याचे डबे, मुलांची दप्तरे, बाबासाहेबांची तसबीर. भिंतीवर कोळशाने किंवा रंगाने ओढलेल्या रेघा आहेत. सर्वांत वरची रेघ २००५ ची. ती माझ्या डोक्याच्याही वर होती. वस्तीतल्या पोरांनी स्वतःचा बंदोबस्त केलेला आहे. पाणी कोणत्या पायरीला आले म्हणजे म्हाताऱ्यांना हलवायचे, कोणत्या पायरीला आले म्हणजे मुख्य बटण बंद करायचे, कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोण चालू शकत नाही, हे सारे त्यांना तोंडपाठ आहे. दोर कुठे ठेवला आहे, हे लहान मुलालाही माहीत आहे. कोणतेही प्रशिक्षण न घेता उभी केलेली ही आपत्ती व्यवस्था आहे.

एका आजोबांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूळचे मराठवाड्यातले. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडले. विहीर आटली, कामे संपली, म्हणून बायको-मुलांसह मुंबईस आले आणि जिथे भाडे नव्हते तिथे, नदीच्या काठावर, चार पत्रे ठोकून राहिले. ते म्हणाले, “पाणी नव्हतं म्हणून गाव सोडलं, आणि इथं पाण्यानंच घर सोडायला लावलं.” त्यांनी हे हसत सांगितले. आम्हाला हसता आले नाही.

पण सर्वांत मोठी गोष्ट मला एका ताईंच्या घरात कळली, आणि कारकून असल्यामुळे ती मनाला अधिक लागली. २००५ च्या पुरात त्यांच्या घरातील भांडी, कपडे, शिवणयंत्र सारे गेले. त्यांनी दोन वर्षांत शिवणयंत्र पुन्हा घेतले. भांडी हळूहळू जमवली. पण पत्र्याच्या पेटीतले कागद चिखल होऊन गेले ते परत आले नाहीत. जुनी शिधापत्रिका गेली, वीजबिले गेली, पतीचे नाव असलेली जुनी पावती गेली. शिधापत्रिकेची दुय्यम प्रत मिळाली, पण तिच्यावर नवी तारीख. आता पुनर्वसनाचा प्रश्न निघाला की पुरावा लागतो तो जुना. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचे सिद्ध झाले तर घर मोफत मिळते. २००० ते २०११ या काळातील असल्यास पैसे भरून. नंतरचा असल्यास तो अपात्र. मतदार यादीत नाव आहे म्हणावे, तर तेथे पतीचे आडनाव चुकीचे छापलेले. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, असे त्यांचे किती दिवस गेले आणि किती खाडे पडले याचा हिशेब नाही. चाळीस वर्षे राहिलेली बाई कागदावर अपात्र आहे.

पुरात सामान गेले तर ते पुन्हा घेता येते. पुरावा गेला की माणूसच यादीतून वाहून जातो. आणि गंमत अशी की, पुराने कागद गेले म्हणून अपात्र ठरलेल्या माणसाला पुन्हा त्याच पुराच्या तोंडी राहावे लागते. नदीकाठच्या अन्यायाचे मूळ एका वाक्यात सांगा असे मला कोणी म्हटले, तर मी हेच सांगेन.

नदीची जागा कोणी घेतली?

दुसऱ्या रविवारी आम्ही कुर्ल्याच्या कापडियानगराजवळून पुलावर चढलो. एका बाजूला पत्र्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. मध्ये तीच नदी. संकुलाचा विस्तार सुमारे ३७० हेक्टरचा. १९७७ साली या भागाचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवले गेले. त्याआधी येथे मिठी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या काठची खाजणे होती, तिवराची झाडे होती. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी त्या खाजणांत पसरत असे आणि पावसाचे पाणीही तेथे विसावत असे. गावाकडे शेतात बांधाला लागून पाणी मुरण्यास जागा सोडतात, तशी ती शहराची जागा होती. तेथे भराव पडला, इमारती उठल्या आणि पाण्याची विसाव्याची जागा गेली.

आता २६ जुलै २००५ चा हिशेब पाहा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यात फक्त ७३ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दक्षिण मुंबईत छत्री पुरत होती तेव्हा उपनगरांत वर्षभराच्या पावसाचा मोठा हिस्सा एका दिवसात कोसळला. त्यात दुपारी समुद्राला मोठी भरती होती. भरतीच्या वेळी शहरातील पर्जन्यवाहिन्यांची तोंडे समुद्राच्या पातळीखाली जातात. पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ पाहतो. वरून पाऊस, समोरून भरती, मध्ये अरुंद झालेली नदी. राज्यात हजाराहून अधिक माणसे गेली. त्यांत चारशेहून अधिक मुंबईची. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा ताप पसरला आणि त्यानेही अनेकांचे बळी घेतले.

हे संकट अगदी अचानक आले, असे म्हणता येत नाही. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या ब्रिटिश काळातल्या, आणि ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या क्षमतेच्या होत्या. ही क्षमता ५० मिलिमीटर करावी, अशी शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाच्या अहवालात १९९३ सालीच केलेली होती. अहवाल बारा वर्षे बहुतांशी कपाटात राहिला. पुरानंतर जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. नदी रुंद केली, खोल केली, दोन्ही काठांना भिंती बांधल्या. उदंचन केंद्रे उभी राहिली. ही कामे झाली, त्यांचा उपयोगही झाला, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु कामे करताना ‘अतिक्रमण’ हा शब्द कोणासाठी वापरला गेला, ते पाहावे. नदीकाठच्या हजारो झोपड्या अतिक्रमण म्हणून हटवल्या. विमानतळाला आणि संकुलाला मात्र विकास हेच नाव राहिले. नदीने कोणाची ओळख विचारली नाही. तिला अडवणारी भिंत पत्र्याची की सिमेंटची, हा भेद माणसांनी केला. झोपडीने नदीची जागा घेतली असेल तर ती काही फुटांची, आणि तीही दुसरी जागा नव्हती म्हणून. खाजणेच्या खाजणे कागदोपत्री, मंजुरीसह बुजवली गेली. कारकुनाला कागदाचे सामर्थ्य माहीत असते. ज्याच्याकडे शिक्क्याचा कागद आहे त्याचा भराव कायदेशीर, आणि ज्याचा कागद पुरात गेला त्याचे घर बेकायदेशीर!

गाळाचीही कथा तशीच. दरवर्षी पावसाळ्याआधी मिठीतील गाळ काढण्यावर कोट्यवधी रुपये खर्च होतात. २०२५ साली पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. त्याच महिन्यात मिठीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. कोण दोषी, ते न्यायालय ठरवील. पण न काढलेला गाळ कागदावर निघाला असेल, तर तो पावसाळ्यात कोणाच्या घरात येऊन बसतो, हे ठरवण्यास न्यायालयाची गरज नाही.

माहीमच्या खाडीपाशी

धारावीच्या पुलाशी एक मनाला बरे वाटावे असे ठिकाण आहे, महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सुमारे ३७ एकरांचे हे रान एकेकाळी शहराचे कचरा टाकण्याचे ठिकाण होते. कचऱ्यावर माती टाकून झाडे लावली आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. आज तेथे पक्षी येतात, शाळेच्या सहली येतात. कचऱ्याच्या ढिगाचे वन होऊ शकते, म्हणजे मनात आणले तर सरकारला जमते. प्रश्न जमण्याचा नाही, मनात आणण्याचा आहे.

पुढे माहीमचा कॉजवे. १८४५ साली हा रस्ता खुला झाला आणि माहीम व वांद्रे जोडले गेले. तेथे उभे राहून खाडीच्या मुखाकडे पाहिले. पवईपासूनचे सारे शहर त्या काळ्या पाण्यात येऊन मिळालेले होते. आमच्यातला तरुण कार्यकर्ता म्हणाला, “सर, समुद्राला मिळेपर्यंत नदीला कोणी विचारलंच नाही.” मी म्हटले, “नदीचं राहू दे, काठावरच्या माणसाला तरी कोणी विचारलं?”

पुनर्वसन कोठे?

नदीकाठ धोक्याचा आहे तर लोकांना तेथून हलवा, असे सहज म्हटले जाते. हलवावेच. पण कोठे? याचे उत्तर पाहावयाचे तर माहुलला जावे. तेथे प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती बांधल्या, १७ हजारांहून अधिक घरे. तानसा जलवाहिनीच्या लगतची आणि इतर प्रकल्पांत उठवलेली कुटुंबे तेथे पाठवली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांची कोठारे. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या परिसरातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे नमूद केले. श्वासाचे, त्वचेचे विकार घेऊन लोकांनी लढा दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला लोकांना सक्तीने पाठवू नये आणि जे तेथे राहू इच्छित नाहीत त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. २०२५ साली पालिकेने यांतील नऊ हजारांवर रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांत विकावयास काढली. मुंबईत या किमतीत खुराडेही मिळत नाही, तरी प्रतिसाद थंडच राहिला. जे घर कर्मचाऱ्याला स्वस्तातही नको, ते झोपडीवाल्याने फुकट मिळाले म्हणून मुकाट्याने घ्यावे काय?

हाच प्रश्न पुन्हा उभा आहे. धारावीच्या पुनर्विकासासाठी, मुख्यतः अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांकरिता, २०२४ साली राज्य सरकारने सुमारे २५६ एकर मिठागरांची आणि देवनार कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचे निर्णय घेतले. मिठागर म्हणजे पुन्हा पाणी साठण्याची सखल जागा, आणि देवनार म्हणजे कचऱ्याचा डोंगर. पुराच्या काठावरून उठवून कचऱ्याच्या पायथ्याशी नेणे, याला पुनर्वसन म्हणावयाचे की नुसते स्थलांतर?

पाणी आणि हक्क

आपल्या चळवळीचा पाण्याशी संबंध १९२७ च्या महाडपासूनचा. पण एक गोष्ट आपल्या घरांत कमी सांगितली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर दामोदर खोऱ्याच्या योजनेस आकार देण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा होता. १९४५ साली कलकत्ता आणि कटक येथे झालेल्या परिषदांत त्यांनी पुराकडे पाहण्याची वेगळी दृष्टी मांडली. पुराचे पाणी म्हणजे कसेही करून समुद्रात ढकलण्याची पीडा नव्हे. ते साठवले तर शेती, वीज, जलवाहतूक यांसाठी लोकांची संपत्ती ठरते. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

ही दृष्टी मिठीच्या काठावर लावून पाहा. आपण भिंत बांधतो, पाणी ढकलतो, आणि ज्याच्या दारात ते ढकलले गेले त्याच्या सहनशीलतेचे कौतुक करतो. प्रत्येक पुरानंतर ‘मुंबईकरांची जिद्द’ म्हणून लेख येतात. क्रांतीनगरच्या पोरांची जिद्द खरी आहे. पण गरिबाला पुराची सवय झाली हे शहराचे भूषण नव्हे. ज्याला सवय झाली त्याच्यासाठी काही करावे लागत नाही, म्हणून ती सवय सोयीची ठरते. बाबासाहेबांनी आपल्याला सोसण्याची नव्हे, मागण्याची सवय लावली.

मग मागावयाचे काय? पहिले, पूर येण्याआधी, रात्रीसुद्धा ऐकू जाईल असा भोंगा आणि वस्तीच्या भाषेत इशारा. दुसरे, निवाऱ्याची शाळा आधीच ठरलेली, कोरडी, स्त्रियांसाठी वेगळ्या स्वच्छतागृहांसह. तिसरे, नदीच्या भिंतींना वस्तीचे पाणी बाहेर जाण्यास झडपांची तोंडे. नाहीतर भिंतीने नदी बाहेर राहते आणि पावसाचे पाणी आत कोंडते. चौथे, गाळाचे वजन वस्तीतील नागरिकांसमोर. पाचवे, पुनर्वसन त्याच परिसरात, जेथे मुलांची शाळा आणि बायांची कामे सुटणार नाहीत. आणि सहावे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : पुरात कागद गेले म्हणून कोणालाही अपात्र ठरवू नये. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वस्तीचे सर्वेक्षण करून त्याची नोंद सरकारने स्वतः जपावी. पंचनाम्यातील नोंद हा वास्तव्याचा पुरावा मानावा.

घरोघरी करण्यासारखेही काही आहे. शिधापत्रिका, वीजबिल, मतदार यादीचा उतारा, मुलांचे दाखले यांच्या दोन-दोन प्रती काढा. एक संच प्लास्टिकच्या पिशवीत पोटमाळ्यावर आणि दुसरा उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. मोबाइलमध्ये छायाचित्रे काढून ठेवा. भरतीचे वेळापत्रक पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस दिनदर्शिकेवर लाल खुणेने लिहा. पालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १९१६ हा क्रमांक मुलांना पाठ करावयास लावा. पुराच्या पाण्यातून चालावे लागले तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोचे औषध विचारा. पायाला जखम असेल तर अजिबात दिरंगाई नको.

आणि आमच्या कार्यकर्त्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे. पूर ओसरल्यावर धान्य वाटणे सोपे असते, छायाचित्रेही चांगली येतात. कठीण काम एप्रिल-मे महिन्यांतले आहे. उन्हात दारोदार फिरून कागद तपासणे, मतदार यादीतली नावे दुरुस्त करणे, निवाऱ्याच्या शाळेची चावी कोणाकडे आहे ते पाहणे. पुढच्या मे महिन्यात प्रत्येक मंडळाने आपल्या विभागातल्या एका नाल्याचा काठ उगमापासून मुखापर्यंत चालून पाहावा आणि काठावरच्या प्रत्येक घराच्या कागदांची यादी करावी. एका वहीत, पेन घेऊन, कुटुंबागणिक. नदीची पातळी मोजण्यास सरकारचे यंत्र आहे. काठावरच्या माणसाची नोंद आपणच ठेवली पाहिजे.